ओल्या मेंदीच्या हातावरची गोष्ट

मेंदीचा रिवाज असलेल्या देशांत काही ख्रिस्ती प्रचारक स्त्रिया बायबलमधल्या गोष्टी मेंदीतून सांगतात. म्हणजे कसं, तर हरवलेल्या मेंढराचा दाखला घ्या. बोटाच्या टोकाशी एकटं मेंढरू, तळहातभर ठिपक्यांची वाट, मनगटाशी मेंढपाळ. काढता काढता गोष्ट सांगायची. पुढे घरी कुणी विचारलं, ‘हे काय गं?’, की तीच गोष्ट त्या बाईने सांगायची.

कला म्हणून यात दम आहे का? आम्हाला वाटतं, आहे. बायबलला मेंदी परकी नाही. गीतरत्नात एन-गेदीच्या मळ्यांतल्या मेंदीच्या फुलांचा उल्लेख येतो. आपल्याकडेही असे प्रयोग झालेत. फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापलं गेलं. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तन केलं. पण या दोघांनी नुसता साचा उसना घेतला नाही. ओवी ओवीसारखी चालली, कीर्तन कीर्तनासारखं रंगलं. मेंदीत मात्र प्रत्येक वेलीचा, प्रत्येक ठिपक्याचा काहीतरी अर्थ असलाच पाहिजे अशी सक्ती आली, की वेल मरते आणि हातावर फलक उरतो.

आणखी एक आठवण ठेवू. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने फर्मान काढून ख्रिस्ती लग्नांतली हळद बंद केली होती. ते कॅथलिक, हे बहुतेक प्रोटेस्टंट. एकाचा हिशेब दुसऱ्याच्या माथी नको. पण अंगावरच्या रंगाला कधी पाप म्हणायचं, कधी साधन म्हणायचं, आणि तो रंग ज्यांचा त्या बायकांना विचारायचंच नाही, हे बरोबर नाही.

आता आमची खरी हरकत. हात ओला असतो तेव्हा बाईला धड उठता येत नाही, साधा पेला उचलता येत नाही. मग ती ऐकतेय, की अडकलीय?

म्हणून कसोटी साधी आहे. कोन हातात घेण्याआधी ‘मी माझ्या धर्मातली गोष्ट सांगणार आहे, चालेल ना?’ एवढं विचारलं का? ती नको म्हणाली, तर तिच्या हातावर नुसती वेलबुट्टी तितक्याच मनापासून काढली का? आठ-पंधरा दिवसांत रंग उतरतोच. त्यानंतर गोष्ट उरायची असेल, तर ती तिने आपणहून धरलेली हवी.