धूर, सिगारेट आणि अन्नपूर्णा : घरातील हवेविषयीच्या जनजागृतीची भाषा

घरातील हवा आणि कुटुंबाचे आरोग्य या विषयावरील शासकीय प्रबोधनाचे मूल्यमापन आजवर प्रामुख्याने किती चुली बसविल्या, किती गॅसजोडण्या दिल्या या अंगाने झाले. या प्रबोधनाची भाषा समीक्षेच्या कक्षेत फारशी आली नाही. वस्तुतः भिंतीवरचे घोषवाक्य, माहितीपत्रक, इतकेच काय योजनेचे नावदेखील एक संहिताच असते. तिच्यात बोलतो कोण, ऐकतो कोण आणि दोष कोणाच्या पदरी पडतो, हे प्रश्न विचारता येतात. प्रस्तुत लेखात प्रधानमंत्री उज्ज्वला योजना आणि तिच्या आधीची सुधारित चुलींची मोहीम यांच्या भाषेचा या दृष्टीने विचार केला आहे.

उज्ज्वलेच्या प्रचारातील सर्वाधिक गाजलेले विधान ४०० सिगारेटींचे. मार्च २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने योजनेस मंजुरी दिली, त्या वेळच्या शासकीय निवेदनात तज्ज्ञांच्या हवाल्याने असे म्हटले होते की, स्वयंपाकघरात उघडी चूल पेटविणे म्हणजे तासाला ४०० सिगारेटी जाळण्यासारखे आहे. ही तुलना चुलीतून बाहेर पडणाऱ्या धुराची आहे. पुढे योजनेच्या माहितीपर मजकुरात तेच विधान जागतिक आरोग्य संघटनेच्या नावावर गेले आणि स्त्रियांच्या श्वासावाटे आत जाणारा धूर ४०० सिगारेटींइतका असल्याचे सांगितले जाऊ लागले. जळणे आणि ओढणे यांतील अंतर पुसले गेले. कौलांतून, दारातून, भिंतीच्या फटींतून निघून जाणारा धूरही बाईच्या छातीत जमा करण्यात आला. चुलीचा धूर घातक आहे याविषयी दुमत नाही. म्हणूनच त्याला अशा अतिशयोक्तीची गरज नव्हती.

संख्येतील या चुकीपेक्षा उपमानाची निवड अधिक विचारार्ह आहे. सिगारेट हे व्यसन मानले जाते. ओढणारा ती विकत घेतो आणि निश्चय केल्यास सोडू शकतो, असे समाज धरून चालतो. चुलीपुढे बसणे हे व्यसन नव्हे. घरातील सर्वांच्या पोटासाठी एकीवर सोपविलेले ते काम आहे. सिगारेटीच्या उपमेबरोबर व्यसनाचा नैतिक अर्थही नकळत आत येतो आणि जिने धूर सोसला तिलाच तो सोडण्याचा उपदेश होतो. धूर वाईट असतो हे तिला सांगावे लागते, हे गृहीतही तपासण्यासारखे आहे. फुंकणीने जाळ करताना डोळे चुरचुरणाऱ्या बाईस भित्तिपत्रकाने नवे काय सांगितले?

नावांचा विचार केल्यास हे चित्र अधिक स्पष्ट होते. राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला आणि २००२ मध्ये केंद्राने तो आवरता घेतला. त्या काळात सुमारे साडेतीन कोटी चुली बसविल्या गेल्या. धुराडे तुंबले, मडक्याला तोंड बसेना, दुरुस्तीस कोणी येईना, म्हणून कित्येक अल्पावधीत बाजूला पडल्या. महाराष्ट्रात पसरलेल्या चुलींत 'लक्ष्मी' आणि 'भाग्यलक्ष्मी' होत्या. त्यानंतर 'उज्ज्वला' आली, आणि २०२४ मध्ये राज्यात 'मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना' आली. उपकरण असो वा अनुदान, नाव देवीचे किंवा गृहिणीचेच. या नामकरणात गौरव आहे, पण स्वयंपाकघर हे स्त्रीचेच क्षेत्र असल्याची ग्वाहीही आहे. चित्रांतही हसरी आई आणि तिच्याभोवती मुले असतात. सरपणाचा किंवा सिलिंडरचा खर्च ठरविणारा पुरुष क्वचितच दिसतो. (डास पळविणाऱ्या कॉइलच्या जाहिरातींतही हीच काळजीवाहू आई असते. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले होते. ती सिगारेटींची तुलना भिंतीवर रंगविली गेल्याचे मात्र सहसा पाहण्यात येत नाही.)

उज्ज्वलेची जोडणी कुटुंबातील प्रौढ स्त्रीच्या नावे मिळते. योजनेचा प्रारंभ १ मे २०१६ रोजी बलिया येथे झाला आणि आठ कोटींचे उद्दिष्ट सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबाद येथील कार्यक्रमात पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षीच्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने वेगळी बाजू पुढे आणली. डिसेंबर २०१८ अखेर जोडणीस वर्ष उलटलेल्या लाभार्थींची वार्षिक सरासरी अवघी ३.२१ सिलिंडर होती. सगळा स्वयंपाक गॅसवर करणाऱ्या पाच माणसांच्या घरास साधारणतः आठ ते दहा लागतात. म्हणजे चहा गॅसवर, भाकरी चुलीवर आणि आंघोळीचे पाणी अंगणातल्या चुलीवर, ही विभागणी चालूच राहिली. तिचे कारण अज्ञानात शोधणाऱ्या प्रचाराने सिलिंडरच्या किमतीचा, मजुरी मिळण्याच्या दिवसांचा आणि फुकट मिळणाऱ्या सरपणाचा हिशेब केलेला दिसत नाही.

आरोग्याचे आश्वासनही वाजवीपेक्षा ठाम आहे. तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा येथे सुमारे ३,२०० गर्भवती स्त्रियांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या घरांना शेगडी आणि गॅस मोफत पुरविण्यात आला. धुराशी येणारा संबंध बराच घटला, तरी बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक आढळला नाही. यावरून गॅस निरुपयोगी ठरत नाही. धूर घटला तर डोळ्यांना व श्वासाला मिळणारा दिलासा आणि सरपणाची वाचलेली पायपीट यांचे मोल स्वतंत्र आहे, आणि ते बाळाच्या नावाने सिद्ध करावे लागू नये. प्रचारात मात्र स्त्रीचा स्वतःचा श्वास क्वचितच पुरेसे कारण मानला जातो. तिला आधी आई व्हावे लागते.

'अन्नपूर्णा' योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत. उरलेल्या महिन्यांचे सिलिंडर कोणी आणि कशातून भरायचे, याविषयी नावात काही सुचविलेले नाही.