खाण नव्हे, सोडत

गेल्या काही वर्षांत वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून आणि चित्रफितींतून ‘आभासी चलनाचे खाणकाम’ या विषयावर मराठीत बरेच साहित्य येऊन गेले. त्यात एका आशयाचे वाक्य हटकून भेटते : शक्तिशाली संगणक अवघड गणिती कोडी सोडवतो आणि बक्षीस म्हणून त्याच्या मालकाला बिटकॉइन मिळते. त्यानंतर असा संगणक घरच्या घरी कसा जुळवावा, उघड्या सांगाड्यावर सहा ग्राफिक्स कार्डे कशी बसवावीत, किती वॉटचा वीजपुरवठा घ्यावा, याची कृती असते. अशा जोडणीला ‘रिग’ म्हणतात. अकरावी-बारावीतली मुले ही कृती उत्साहाने पाहतात आणि विज्ञानाच्या शिक्षकांना विचारतात, ‘सर, आपण करून पाहू या का?’

‘नसत्या भानगडीत पडू नका’ हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. संगणक स्वतः जुळवण्यात शिकण्यासारखे पुष्कळ आहे, आणि मुलांचे कुतूहल खरे आहे. दोष आहे तो या साहित्याच्या भाषेत. ‘खाण’ आणि ‘गणित’ या दोन शब्दांनी त्याने वस्तुस्थिती झाकून टाकली आहे. शब्द चुकले की हिशेब चुकतो, आणि येथे हिशेब चुकला की घरातला पैसा जातो. म्हणून हे दोन शब्द तपासून पाहणे आम्हाला आवश्यक वाटते.

कोडे कसले?

बिटकॉइन म्हणजे मुळात एक जाहीर खतावणी. कोणी कोणाला किती दिले याच्या नोंदींचे एक नवे पान सुमारे दर १० मिनिटांनी तिला जोडले जाते, आणि खतावणीच्या प्रती जगभर हजारो संगणकांवर असतात. बँक नाही, कारकून नाही. मग नवे पान जोडण्याचा मान कोणाचा? ‘सातोशी नाकामोतो’ या टोपणनावाने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात यासाठी एक युक्ती सांगितली आहे.

पानावरच्या मजकुराला एक मनाला येईल ती संख्या जोडायची आणि ते सगळे ‘शा-२५६’ नावाच्या ठरलेल्या सूत्रातून काढायचे. उत्तर म्हणून एक प्रचंड मोठी संख्या येते. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी उत्तर पार वेगळे येते. हे उत्तर ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा लहान आले तर पान मान्य होते. कोणती संख्या जोडली असता लहान उत्तर येईल, हे आधी ओळखण्याची कोणतीही रीत माहीत नाही. एक संख्या घ्यावी, उत्तर पाहावे, जमले नाही तर टाकून द्यावी आणि दुसरी घ्यावी, एवढेच करता येते.

प्रवासी बॅगेचे तीन आकडी कुलूप सर्वांनी पाहिले आहे. आकडा विसरला तर ००० पासून ९९९ पर्यंत फिरवत बसावे लागते. मात्र कोणी बरोबर आकडा सांगितला तर तो खरा की खोटा हे एका क्षणात कळते. शोधणे कष्टाचे आणि पडताळणे सोपे, एवढाच गुण या सूत्रात हवा असतो. हजार वेळा कुलूप फिरवणाऱ्याने गणित सोडवले असे आपण म्हणत नाही. त्याला प्रमेय सापडत नाही, रीत सापडत नाही, आणि काल केलेल्या प्रयत्नांचा आजच्या प्रयत्नाला काडीचाही उपयोग होत नाही. फासा टाकणाऱ्याची जी स्थिती, तीच या यंत्राची.

अंदाजांची संख्या किती असावी? २०२५ मध्ये जगातली अशी सर्व यंत्रे मिळून सेकंदाला सुमारे १० चा २१ वा घात इतके अंदाज करीत होती. एका पानाला ६०० सेकंद धरले तर गुणाकार येतो ६ गुणिले १० चा २३ वा घात. रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना ही संख्या ओळखीची वाटेल. ॲव्होगॅड्रोची संख्या जवळपास एवढीच आहे. एका पानासाठी साऱ्या जगाने मिळून जणू एक मोल अंदाज केले, आणि त्यातला एक सोडून बाकीचे सगळे टाकून दिले.

मजूर वाढले, माल तेवढाच

‘खाण’ हा शब्द तर याहून फसवा आहे. दगडाच्या खाणीवर दहाऐवजी वीस मजूर लावले तर दगड दुप्पट निघतो. येथे तसे होत नाही. यंत्रे वाढली आणि पाने भराभर जुळू लागली, तर दर २,०१६ पानांनंतर, म्हणजे सुमारे दोन आठवड्यांनी, मर्यादा आपोआप अधिक कडक होते. परिणामी पान पुन्हा १० मिनिटांनीच जुळते. जगातली यंत्रे दुप्पट झाली तरी निघणारी नाणी तेवढीच राहतात, फक्त प्रत्येक यंत्राचा वाटा निम्मा होतो.

बक्षीसही ठरलेले आहे, आणि ते ठरल्याप्रमाणे घटते. २००९ मध्ये एका पानामागे ५० बिटकॉइन मिळत. २०१२ मध्ये ते २५ झाले, २०१६ मध्ये साडेबारा, २०२० मध्ये सव्वासहा आणि एप्रिल २०२४ पासून ३.१२५. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाहीत. ज्यात बक्षिसाची रक्कम आधीच ठरलेली आहे, तिकिटे कितीही खपली तरी ती वाढत नाही, आणि आपले तिकीट लागेल की नाही हे केवळ संभाव्यतेवर अवलंबून आहे, त्या व्यवहाराला मराठीत ‘सोडत’ हा चांगला रुळलेला शब्द आहे. तोच येथे वापरावा असे आम्ही सुचवतो.

राजूरच्या घरातला हिशेब

आता ही सोडत एखाद्या घरात आणून पाहू. उदाहरणासाठी आम्ही अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातले, अकोल्याहून भंडारदऱ्याला जाताना लागणारे राजूर घेतो. निवडीचे कारण सरळ आहे. येथल्या मुलांना वीज कोठून येते हे पुस्तकात शोधावे लागत नाही. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या पायथ्याशी १२ मेगावॅटचे आणि खाली कोदणीला ३४ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. एका युनिटमागे पाणी, उंची आणि यंत्र असते, हे या भागातल्या मुलाला दाखवता येते.

समजा, राजूरच्या एका घरात सहा कार्डांची रिग बसवली. ती साधारण १ किलोवॉट वीज घेते. ती रात्रंदिवस चालवायची असल्याने दिवसाला २४ आणि महिन्याला ७२० युनिट होतात. ज्या घराचे बिल १०० युनिटांचे येत असे, त्याचे ८२० युनिटांचे येईल. आपल्याकडे घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, म्हणजे शेवटची युनिटे सर्वांत महाग पडतात.

या खर्चात मिळते काय? असे एक कार्ड शा-२५६ चे अंदाज सेकंदाला शंभर कोटींच्या घरात करते. सहा कार्डांचे सहाशे कोटी झाले. आकडा मोठा वाटतो खरा, पण लागणाऱ्या अंदाजांना त्याने भागले तर एक पान लागायला सरासरी ३० लाख वर्षांहून अधिक काळ लागेल असे उत्तर येते. हा भागाकार नववीचा विद्यार्थी घातांकांच्या नियमांनी करू शकतो. कार्डांची कृती सांगणाऱ्या साहित्यात तो आम्हाला क्वचितच दिसला.

बिटकॉइनसाठी केवळ याच कामाची खास यंत्रे २०१३ पासून मिळू लागली. त्यांतले अलीकडचे एक यंत्र सेकंदाला २०० लाख कोटी अंदाज करते आणि ३,५०० वॉट वीज घेते. २३० व्होल्टला हा १५ अँपिअरहून जास्त प्रवाह झाला. १६ अँपिअरच्या प्लगवर आणि जुन्या वायरिंगवर तो चोवीस तास चालू ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. महिन्याला २,५२० युनिट जळतात, आणि ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाने त्यांची जवळजवळ सगळी उष्णता त्या खोलीतच होते. एवढे करून एकट्या यंत्राला पान लागायला सरासरी ९५ वर्षे लागतील. म्हणून यंत्रमालक गट करतात आणि बक्षीस वाटून घेतात. गटामुळे थोडे थोडे नियमित मिळते, पण सरासरी बदलत नाही. २०२५ च्या स्पर्धेत एका बिटकॉइनमागे अशा यंत्राला ९ लाखांहून अधिक युनिट लागतात. युनिटला १० रुपये धरले तर नुसती वीज ९० लाख रुपयांच्या वर जाते. यंत्राची किंमत वेगळीच. शिवाय आपल्याकडे २०२२-२३ पासून या उत्पन्नावर ३० टक्के कर आहे, आणि विजेचा खर्च त्यातून वजा मिळत नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की सहा कार्डांची रिग एके काळी अगदीच निरर्थक नव्हती. इथेरियम या दुसऱ्या चलनाची सोडत ग्राफिक्स कार्डांवर चाले, आणि २०१७ मध्ये व पुन्हा २०२०-२१ मध्ये अनेकांनी तिच्यासाठीच रिगा जुळवल्या. परंतु १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ही पद्धतच सोडली. त्याचा वीजवापर सुमारे ९९.९५ टक्क्यांनी घटला आणि कार्डे बेकार झाली. इतर लहान चलनांकडे ती वळली, तेव्हा मजूर वाढले, माल तेवढाच, हा नियम तेथेही लागू झाला. जुनी कृती मात्र आजही तशीच सांगितली जाते.

अडाण्याची नव्हे, आकडेमोडीची फसवणूक

चुकीच्या शब्दांचा परिणाम महाराष्ट्राने पाहिला आहे. ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेत लोकांकडून बिटकॉइन घेऊन, खाणकामाच्या जोरावर १८ महिने दरमहा १० टक्के परतावा बिटकॉइनमध्येच देण्याचे आश्वासन होते. पुणे, नांदेड येथे गुन्हे नोंदले गेले. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी प्रमुख आरोपी अमित भारद्वाज यांना अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या विभागाने देशभर साठ ठिकाणी झडत्या घेतल्या. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. आम्हाला पाहायचे आहे ते त्या आश्वासनाचे अंकगणित.

ही योजना सुरू असतानाच, जुलै २०१६ मध्ये, पानामागचे बक्षीस २५ वरून साडेबारावर आले. शिवाय त्या काळात जगातली यंत्रशक्ती अनेक पटींनी वाढली. मग एखाद्या यंत्राचे बिटकॉइनमधले उत्पन्न महिनोन्‌महिने स्थिर राहील कसे? ते घटणारच. हे ओळखायला अर्थशास्त्र नको, पोलिसी नजरही नको. बक्षीस निम्मे होते आणि वाटेकरी वाढतात, एवढ्या दोन गोष्टी कळल्या असत्या तरी पुरे होते. पण ज्याच्या मनात ‘खाण’ होती, त्याला जास्त यंत्रे म्हणजे जास्त माल हेच स्वाभाविक वाटले. पैसे गुंतवणाऱ्यांत शिकलेली माणसेही होती, यात नवल नाही. त्यांना समजावणाऱ्यांनीच त्यांना चुकीचे चित्र दिले होते.

वीज वाया जाते का?

या विषयावरचे टीकाकारही कधी कधी अर्धेच सांगतात. अंदाजांचा हा खटाटोप निव्वळ मूर्खपणा नाही. खतावणीतले जुने पान बदलायचे तर ते आणि त्यानंतरची सर्व पाने पुन्हा जुळवावी लागतात, म्हणजे तेवढी वीज पुन्हा जाळावी लागते. खोटेपणा महाग करणे हा या खर्चाचा हेतू आहे. निरुपयोगी टपालाचा लोंढा थांबवण्यासाठी पाठवणाऱ्याच्या संगणकाला थोडे कष्ट पाडावेत, अशी सूचना सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ मध्येच केली होती.

प्रश्न किमतीचा आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या केंद्राच्या २०२५ च्या अहवालात बिटकॉइनचा वार्षिक वीजवापर सुमारे १३,८०० कोटी युनिट असा काढला आहे. भंडारदऱ्याची दोन्ही केंद्रे वर्षभर अखंड पूर्ण क्षमतेने चालली असे मानले, जे पाटपाण्यावर चालणाऱ्या केंद्रांना शक्य नसते, तरी ४० कोटी युनिट होतील. म्हणजे हा वापर त्याच्या ३४० पट आहे. एका पानामागे २६ लाख युनिट पडतात. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या २,१०० हून अधिक घरांना तेवढी वीज वर्षभर पुरेल. त्यात इथेरियमने दुसरा मार्ग घेऊन दाखवल्यावर ‘याला पर्याय नाही’ हे म्हणणे टिकत नाही.

वर्गात काय करता येईल?

यासाठी रिग नको, फासे पुरेत. वर्गातल्या ३० मुलांना प्रत्येकी दोन फासे द्यावेत. एका इशाऱ्याला सर्वांनी टाकावेत, आणि दोन्ही षटकार पडलेल्याच्या नावावर फळ्यावरचे पान जोडावे. संभाव्यता ३६ त १ असल्याने निम्म्याहून अधिक फेऱ्यांत एखादे पान लागेल. मग शेजारचा वर्ग बोलावून मुले ६० करावीत. पाने भराभर लागतील. तेव्हा नियम कडक करावा : दोन षटकारांबरोबर नाणेफेकीत छापही पडला पाहिजे. पानांचा वेग पुन्हा पहिल्यासारखा होईल, आणि प्रत्येकाचा वाटा निम्मा झालेला मुलांना वहीतल्या नोंदींवरून दिसेल. शेवटी प्रत्येक फेकीला एक पैसा वीज लागते असे समजून एका पानाचा खर्च काढायला सांगावा.

त्यानंतर मुलांनी घरचे वीजबिल आणावे. एक किलोवॉटचे यंत्र महिनाभर चालवल्यास त्यात किती भर पडेल हे बिलावरच्या टप्प्यांप्रमाणे त्यांनीच काढावे. मुलांना संगणक जुळवायचाच असेल तर खुशाल जुळवू द्यावा. ती सहा कार्डांऐवजी एकावर भागेल, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत तो संगणक पुढची कित्येक वर्षे उपयोगी पडेल.