'रोप': चित्रपटाआधीचा प्रयोग

हिचकॉकच्या 'रोप' (१९४८) या चित्रपटाबद्दल लिहिणारे त्यातल्या लांबच लांब, अखंड दृश्यांपाशी थांबतात. मला हे श्रेय अर्धेच पटते. पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९२९ च्या मूळ नाटकात काळ कुठेच तुटत नाही. अंकाचा पडदा पडतो आणि उघडतो तो त्याच क्षणावर. प्रेत पेटीत, पेटीवर खाणे मांडलेले, पाहुण्यांत मृत मुलाचे वडील! मार्च १९३९ मध्ये डॅलस बोअर यांनी हे नाटक लंडनहून बीबीसी दूरचित्रवाणीवर थेट सादर केले.

हिचकॉकचे रीळ दहाएक मिनिटांत संपे. मग सांधा लपवायला कॅमेरा कुणाच्या तरी कोटाच्या पाठीवर जाऊन टेके. (एकदा लक्षात आले की दर वेळी खटकते.) थेट प्रक्षेपणात कॅमेरा बदलता येई, घड्याळ थांबवता येत नसे. नाट्यगृहात पेटी सतत समोर असते. इथे ती कधी दिसावी हे कॅमेरा ठरवणार. हॅमिल्टनच्या नाटकाला हे माध्यम चित्रपटापेक्षा जवळचे होते, असे माझे मत आहे. मात्र तेव्हा प्रक्षेपण टिपून ठेवण्याची सोय नव्हती. पडताळायला चित्रपट तेवढा हाताशी आहे.