नव्वद सेकंद, पूर्ण आवाजात

माझा रूममेट ॲनिमे बघताना शीर्षकगीत कधीच ऐकत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात ‘स्किप इंट्रो’ उगवलं, की त्याचा अंगठा तिथे पोचलेलाच असतो. त्याचं म्हणणं साधं आहे: गाणं म्हणजे खोकं, गोष्ट म्हणजे आतला माल. खोकं कोण बघत बसतं? ‘वन पंच मॅन’च्या वेळी मात्र मी फोन त्याच्या हातातून काढून घेतला. मग जे भांडण झालं त्यात मला माझी बाजू काही धड मांडता आली नाही. ती आता मांडतो.

‘वन पंच मॅन’चा पहिला सीझन २०१५चा. सैतामा नावाचा टकला हिरो कुठल्याही शत्रूला एका ठोशात संपवतो, आणि म्हणूनच आयुष्याला पार कंटाळलेला आहे. हिरोंच्या कथांची ही उघड टिंगल. तेव्हा गाणंही मिश्किल असेल असं वाटतं. पण ‘द हीरो!!’ हे गाणं एकदाही डोळा मिचकावत नाही. पहिल्याच क्षणी आरोळी, मग सुसाट गिटार आणि पाच जणांचे शिरा ताणलेले गळे. जगाचं भवितव्य खरंच पणाला लागलंय, अशा थाटात ते गातात.

आधी हसू येतं. तीन-चार भागांनंतर मात्र एक गोष्ट खुपायला लागते. गाण्यात जी आग आहे, लढायची जी तहान आहे, नेमकी तीच सैतामाकडे उरलेली नाही. हिरो व्हायचं ठरवलं तेव्हा त्याला जे हवं होतं ते सगळं या नव्वद सेकंदांत आहे, आणि पुढच्या वीस मिनिटांत ते कुठेच नाही. गाणं वगळून बघितलं तर विनोद कळतो, पण त्या विनोदाखालचं रितेपण निम्मंच कळतं. गाणाऱ्यांनी थोडी जरी थट्टा केली असती, तरी हे साधलं नसतं.

हे गाणारा बँड म्हणजे जॅम प्रोजेक्ट. ‘जॅम’ म्हणजे जपान ॲनिमेशनसाँग मेकर्स. नाव एखाद्या कामगार संघटनेचं वाटतं, आणि ते तसं चुकीचंही नाही. २००० साली इचिरो मिझुकी यांच्या पुढाकाराने हा गट जमला. १९७२च्या ‘माझिंगर झेड’चं शीर्षकगीत गाणारे हे मिझुकी, जपानमधले चाहते त्यांना ‘आनिकी’, म्हणजे थोरला भाऊ म्हणायचे. १९९९मध्ये त्यांनी चोवीस तासांत हजार गाणी गायची मैफल केली होती. सोबत हिरोनोबु कागेयामा होते. १९७७मध्ये ‘लेझी’ या बँडमधून ते पुढे आले आणि १९८९मध्ये ‘ड्रॅगन बॉल झेड’चा आवाज झाले. ‘गाओगायगर’चे मासाआकी एंदो होते, हेवी मेटलमधून आलेले एइझो साकामोतो होते. आणि रिका मात्सुमोतो होत्या: ‘पोकेमॉन’च्या जपानी आवृत्तीत आपल्या ॲशचा, म्हणजे तिथल्या सातोशीचा आवाज त्यांचाच, आणि पहिलं शीर्षकगीतही त्यांचंच. पुढे ‘वन पीस’चं पहिलं गाणं गाणारे हिरोशी कितादानी, मासामी ओकुई आणि योशिकी फुकुयामा आले. मिझुकी, साकामोतो आणि मात्सुमोतो नियमित गटातून बाजूला झाले.

एवढी मोठी माणसं एकत्र का आली? त्यामागे एक अस्वस्थता होती. सत्तरच्या दशकातलं ॲनिमेचं गाणं त्या मालिकेसाठीच लिहिलेलं असायचं. त्यात रोबोचं नाव यायचं, त्याची शस्त्रं यायची, तो कोणासाठी लढतो तेही यायचं. टीव्हीसमोर बसलेल्या पोराला गाण्यातच अर्धी गोष्ट कळायची. नव्वदच्या दशकापर्यंत रेकॉर्ड कंपन्यांना या जागेची किंमत उमगली होती. दर आठवड्याला तेच गाणं लाखो घरांत वाजणार. याहून चांगली जाहिरात कुठली? मग मालिकेशी काही देणंघेणं नसलेली पॉप गाणी तिथे बसू लागली. १९९६च्या ‘रुरौनी केनशिन’चं पहिलंच गाणं घ्या. मालिका मेइजी काळातल्या तलवारबाजाची, आणि ‘जुडी अँड मेरी’ या बँडचं गाणं एका मुलीच्या चेहऱ्यावरच्या वांगांचं आणि तुटलेल्या प्रेमाचं!

इथे प्रामाणिकपणे एक कबूल करायला हवं. ते वांगांचं गाणं फार सुंदर आहे. माझ्या प्लेलिस्टमध्ये ते जॅम प्रोजेक्टच्या बहुतेक गाण्यांच्या वर आहे. म्हणजे गोष्टीशी इमान राखलं की गाणं आपोआप चांगलं होतं, असं अजिबात नाही. जॅम प्रोजेक्टची पंधरा गाणी ओळीने ऐका, कान थकतात. सगळं कायम टिपेला. तेच आत्मे, तेच उद्या, त्याच मुठी. प्रत्येकाच्या वाट्याला एकेक ओळ येते, त्यामुळे कधी कधी गाण्यापेक्षा रिले शर्यत ऐकल्यासारखं वाटतं. शंका नावाची गोष्ट या गाण्यांना माहीतच नाही. मनातल्या मनात झुरणाऱ्या नायकाची गोष्ट असेल तर हा बँड तिथे सपशेल चुकीचा ठरेल.

मग त्यांचं बळ कशात आहे? मला वाटतं, ते ‘स्किल’मध्ये सर्वांत स्पष्ट दिसतं. २००३मध्ये प्लेस्टेशन २वर आलेल्या दुसऱ्या ‘सुपर रोबो वॉर्स अल्फा’ या गेमचं हे गाणं. या गेमची कल्पनाच भारी आहे: वेगवेगळ्या मालिकांमधले रोबो, माझिंगरपासून गंडमपर्यंत, एकाच रणांगणावर खांद्याला खांदा लावून लढतात. आता गाणाऱ्यांकडे बघा. वेगवेगळ्या मालिकांचे आवाज, एकाच मंचावर. बँडची रचना आणि गेमची रचना एकच आहे! अशा गेमच्या गाण्यात कुठल्या एका रोबोचं नाव घेणार? म्हणून ‘स्किल’ कोणाचंच नाव घेत नाही. ते सगळ्यांना मिळून ओरडायला लावतं. हेडफोनवर ते मला जरा पोकळच वाटायचं. मग मैफलीचा व्हिडिओ बघितला, आणि लक्षात आलं की गाण्यातल्या त्या मोकळ्या जागा प्रेक्षकांसाठी राखून ठेवल्यात. हजारो लोक त्या भरतात. गाणं अर्धंच लिहिलेलं आहे, आणि तेच त्याचं शहाणपण आहे.

ऑर्डरप्रमाणे केलेलं काम कमअस्सल, असं आपण सहज धरून चालतो. कलाकाराने स्वतःच्या आतलं सांगावं, दुसऱ्याच्या गोष्टीची हमाली करू नये. पण जॅम प्रोजेक्ट ऐकताना मला वाटतं, दुसऱ्याच्या गोष्टीवर गोष्ट लिहिणाऱ्यापेक्षाही जास्त विश्वास ठेवणं, ही सोपी गोष्ट नाही. आपण सगळे थोडं हसून, थोडं अंग राखून आवडी सांगतो. ‘हो, बघतो मी कार्टून, टाइमपास म्हणून’. ही पन्नाशी-साठीतली माणसं अंग राखत नाहीत. हास्यास्पद दिसायची त्यांची तयारी असते. ब्राझीलचा रिकार्डो क्रूझ जपानी शिकून त्यांच्यात सामील झाला, तो या बेधडकपणाच्या ओढीनेच आला असावा.

मिझुकींनी २०२२च्या जुलैमध्ये आपल्याला फुप्फुसाचा कर्करोग असल्याचं जाहीर केलं. तरी ते गात राहिले. नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांनी शेवटचा कार्यक्रम केला, आणि ६ डिसेंबरला ते गेले. वय चौऱ्याहत्तर. मधे जेमतेम नऊ दिवस.

हे मी रूममेटला सांगितलं. तो काही बोलला नाही. पुढचा भाग लागला, कोपऱ्यात बटण उगवलं, त्याचा अंगठा सवयीने वर आला आणि तिथेच थांबला. गाणं संपल्यावर म्हणाला, ‘‘फार ओरडतात रे.’’

ओरडतात. त्याला सैतामा अजून पुरता कळायचाय, पण नव्वद सेकंद त्याने दिले.