नांवाची सावली

मोठ्या नटनटींच्या चरित्रांत त्यांच्या भावंडांची कथा बहुधा एका परिच्छेदांत उरकली जाते. जॅक पिकफोर्ड याच्या वांट्यास हेंच आलें. मेरी पिकफोर्डचा धाकटा भाऊ, तीन विवाह, मद्यपान आणि अकालीं मृत्यु, एवढ्यावर त्याची बोळवण होते. आम्हांस हा न्याय वाटत नाहीं.

टोरांटो येथील स्मिथ कुटुंबांतील ग्लॅडिस, लॉटी आणि जॅक हीं तीन भावंडें. १८९८ सालीं पिता निवर्तल्यावर माता शार्लट हिनें तिघांसही रंगभूमीवर आणिलें. जॅकला बालपण फारसें मिळालेंच नाहीं. मिळाल्या त्या बालकांच्या भूमिका. १९०७ सालीं न्यूयॉर्कच्या डेव्हिड बेलॅस्कोच्या नाटकांत ग्लॅडिसची मेरी पिकफोर्ड झाली, आणि पुढें सारें घर तेंच नांव लावूं लागलें. बहिणीची सावली भावावर पडली असें आपण म्हणतों. वस्तुतः ती त्याच्या नांवांतच शिरली होती.

मग हा मुलगा गुणहीन होता काय? १९१७ सालीं 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधील पिप आणि 'टॉम सॉयर'मधील टॉम या दोन्ही भूमिका त्याजकडे आल्या. डिकन्स व मार्क ट्वेन यांचे मानसपुत्र ज्याच्या हातीं सोंपविले गेले, त्याला केवळ 'मेरीचा भाऊ' म्हणणें हें आळसाचें समीक्षण होय. मात्र विशी गांठलेल्या तरुणास अद्याप पोरगाच ठेविलें गेलें, हेंही त्यांतून दिसतें.

१९२१ च्या 'लिटल लॉर्ड फॉन्टलरॉय'मध्यें तर विलक्षण प्रकार घडला. बालनायक आणि त्याची माता या दोन्ही भूमिका मेरीनें केल्या. दिग्दर्शकांच्या जोडींत आल्फ्रेड ग्रीनबरोबर जॅक होता. जो खरोखरीचा बालनट, तो कॅमेऱ्यामागें. आणि एकोणतीस वर्षांची बहीण पुढें मुलगा होऊन बागडते!

परंतु यांत मेरीस दोष देणें सोपें आणि चुकीचें. तीही बालिकेच्या कुरळ्या केसांत कोंडलेलीच होती. १९२८ सालीं तिनें ते कापले आणि 'कॉकेट'मधील प्रौढ भूमिकेनें ऑस्कर पारितोषिक मिळविलें. त्याच १९२८ सालीं जॅकचा शेवटचा पूर्ण लांबीचा चित्रपट आला. ३ जानेवारी १९३३ रोजीं, छत्तिसाव्या वर्षीं, पॅरिस येथें तो वारला.

बहिणीस आपलें बालपण कापून टाकण्याचें बळ होतें. भावास तें लाभलें नाहीं. त्याचीं व्यसनें आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. परंतु मुलाच्या कमाईवर घर उभें राहिलें, कीं त्यास मोठें होऊं देण्याचें ऋणही घरावर चढतें. व्यासपीठावरील चिमुकल्यांस टाळ्या देणाऱ्या आपण साऱ्यांनीं त्या ऋणाचा हिशेब एकदां मांडून पाहावा.