राक्षसाचे नाव

माझी नात नववीत आहे. गेल्या सुट्टीत तिने एक जाडजूड इंग्रजी कादंबरी माझ्या हाती दिली आणि म्हणाली, "आजोबा, यातला म्हातारा तुमच्या आजीसारख्याच थापा मारतो." रॅन्सम रिग्ज या अमेरिकन लेखकाची ‘मिस पेरेग्रीन्स होम फॉर पेक्युलियर चिल्ड्रेन’ ही ती कादंबरी. २०११ साली ती आली, उदंड खपली, २०१६ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. आमच्या समीक्षेला अशा पुस्तकांचे वावडे आहे. चमत्कार दिसला की आम्ही पान मिटतो. मलाही ते मिटता आले असते. पण म्हाताऱ्याच्या थापा म्हटल्यावर मिटवेना.

जेकब नावाचा फ्लोरिडातला पोरगा. त्याचा आजोबा पोलंडमधला ज्यू. लहानपणी आईबापांनी त्याला एकट्याला ब्रिटनला धाडले, आणि मागे राहिलेले सगळे घर मारले गेले. हा आजोबा नातवाला गोष्टी सांगतो. वेल्सजवळच्या एका बेटावर मुलांचे घर होते. तिथे हवेत तरंगणारी पोरगी होती, पोटात मधमाश्या असलेला मुलगा होता, न दिसणारा एक होता. आणि त्यांच्या मागावर राक्षस होते. पोरगा मोठा होतो, शाळेत त्याचे हसे होते, तो आजोबाला खोटारडा ठरवतो. मग बाप त्याला गोष्टीतला अर्थ उकलून सांगतो : ती मुले विलक्षण होती ती ज्यू म्हणून. राक्षस खरेच होते. ते माणसासारखे दिसत, गणवेश घालत.

माझ्या मते सबंध कादंबरीतली ही सर्वोत्तम पाने आहेत. डिसेंबर १९३८ ते सप्टेंबर १९३९ या काळात सुमारे दहा हजार मुले, बहुतेक ज्यू, अशीच आईबापांवाचून ब्रिटनला पोचली होती. त्यातल्या अनेकांना आईबाप पुन्हा दिसले नाहीत. एवढे सत्य हाती घेऊन लेखक उभा आहे. आणि नेमक्या याच जागी तो ते टाकून देतो.

कारण आजोबाचा खून होतो, पोरगा बेटावर जातो, आणि गोष्टी शब्दशः खऱ्या निघतात. पोरगी खरेच तरंगते. राक्षसही खरेच राक्षस असतात, तोंडातून लांब जिभा सोडणारे. नाझी उरतात ते फक्त ३ सप्टेंबर १९४० च्या रात्री त्या घरावर पडणाऱ्या एका बॉम्बपुरते. त्याहून वाईट म्हणजे, हे राक्षस पूर्वी त्या विलक्षण लोकांपैकीच होते, अमरत्वाच्या लोभाने बिघडले, असा खुलासा येतो. म्हणजे मारणारे मरणाऱ्यांच्याच जातीतून निघाले! लेखकाच्या मनात तसे नसेलही. पण खाकी गणवेश उतरवून जिभा लावल्या की मारणाऱ्याचा गाव, हुद्दा, शेजार सगळे पुसले जाते. राक्षसावर खटला भरता येत नाही.

जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त याच्या नेमके उलट केले. वराह, नृसिंह या अवतारकथांतला पशू त्यांनी बाजूला सारला आणि आत दडलेला आक्रमक माणूस दाखवला. त्यांचा सगळाच इतिहास आज जसाच्या तसा घेता येणार नाही, हे खरे. पण वाचण्याची ती रीत आमची आहे. तिच्या कसोटीला ही कादंबरी उतरत नाही, असे लिहून मी हा लेख संपवणार होतो. मला माझी आजी आडवी आली.

आमच्या गावात वरच्या आळीत एक विहीर होती. आजी सांगायची, "त्या हिरीकडं जाऊ नगंस. साती आसरा हाईत तिच्यात. पाय धरून वढत्यात. नानाचा पाय त्येनीच पिरगाळला." नाना म्हणजे तिचा धाकटा दीर, जन्मभर लंगडला. आसरांची हिरवी लुगडी, मोकळे केस ती असे वर्णायची की मला स्वप्नात दिसत. १९७२ च्या दुष्काळात मी पंधरा वर्षांचा होतो. दुष्काळी कामावर नानांच्या शेजारी बसून खडी फोडत होतो. मी थट्टेने विचारले, "नाना, आसरा दिसतात कशा?" नानांनी हातोडी थांबवली. म्हणाले, "धोतरं नेसत्यात." मग सगळे सांगितले. तहानेने जीव चालला म्हणून ऐन उन्हाळ्यात ते त्या विहिरीत उतरले होते. चौघांनी वर ओढून काढले. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन झाले होते, त्यालाही तेव्हा पंचवीसेक वर्षे लोटली होती.

मी संतापून आजीला जाब विचारला. ती म्हणाली, "मानसं मारत्यात म्हनलं असतं तर तू मुद्दाम गेला असतास." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही पुरते नाही. तिच्या गोष्टीने मला जिवंत ठेवले आणि त्या चौघांना झाकलेही.

म्हणून कादंबरीकडे पुन्हा वळलो, आणि दोन जागी लेखक मला खरा वाटला. आजोबाच्या मारेकऱ्याला तेवढा जेकबच पाहू शकतो. इतरांना झुडूप हलल्यासारखे वाटते. आमच्या पोरांना वर्गात, कचेरीत, पाणी देणाऱ्याच्या हातात जे दिसते ते शेजारच्या बाकावरच्याला दिसत नाही, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे सांगावे लागू नये. दुसरी जागा मानसोपचारतज्ज्ञाची. तुला काही दिसलेच नाही, हा धक्क्याचा परिणाम आहे, असे जेकबला गोडीने पटवणारा डॉक्टर शेवटी त्या राक्षसांच्याच टोळीतला निघतो. तिथे मी पेन्सिलीने रेघ ओढली.

पुस्तकभर जुने फोटो आहेत. लेखकाने आणि संग्राहकांनी बाजारांतून जमवलेले, बहुतेक अनामिक माणसांचे. त्यांना त्याने कल्पित नावे दिली. माझ्या आजीचा एकही फोटो नाही.

नातीला मी विहिरीची हकीकत सांगितली. तिने आसरांबद्दल काहीच विचारले नाही. म्हणाली, "ते चौघे कोण होते?" नानांनी मला सांगितलेली नावे मी सांगितली. इथे ती देत नाही. त्यांची नातवंडे गावात आहेत, आणि त्यांतले काही माझे विद्यार्थी होते. तिने ती कादंबरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून घेतली.