तालीम आणि प्रयोग : बडोद्याच्या विद्यापीठातील कलादर्शन

शैक्षणिक वर्ष सरत आले की बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात दुहेरी कलादर्शन घडते. ललितकला विद्याशाखेचे विद्यार्थी आपले काम परीक्षकांपुढे मांडतात व ते रसिकांसही पाहावयास मिळते. नाट्यविभागाचे विद्यार्थी रंगमंचावर उभे राहतात. आमच्या वाचकांपैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी दोन्ही अवश्य पाहावीत. मात्र दोहोंकडे एकाच दृष्टीने पाहू नये, असे आम्हांस सुचवावेसे वाटते.

नाटकाची तालीम बंद दाराआड होते. अडखळलेली वाक्ये, फसलेले प्रवेश तेथेच राहतात. प्रेक्षकांपुढे येतो तो प्रयोग. चित्रपरीक्षेत मात्र आपण तालमीच्याच जागी जाऊन उभे राहतो. हे उघडेपण आम्हांस या विद्याशाखेचे मोठे वैभव वाटते. १९५० साली ती सुरू झाली, तेव्हा इंदूरचे ना. श्री. बेंद्रे तेथे चित्रकला शिकवू लागले. शिष्यांनी गुरूची नक्कल करावी असा त्यांचा हट्ट नसावा. नाहीतर ज्योती भट्ट मुद्राचित्रण आणि छायाचित्रणाकडे, आणि गुलाममोहम्मद शेख कथा सांगणाऱ्या चित्रांकडे वळले नसते. असे वळण घेण्याआधी पुष्कळ कागद फुकट जातात, आणि ते फुकट गेलेले कागदही या परीक्षेत भिंतीवर असतात.

मे २००७ मध्ये याच परीक्षेतील काही चित्रांवरून धार्मिक भावना दुखावल्याची तक्रार झाली. विद्यार्थ्यास अटक झाली. पुढे विद्यार्थ्यांनी निषेधार्थ भारतीय परंपरेतील शृंगारशिल्पांच्या प्रतिमा मांडल्या. ते प्रदर्शन बंद करण्यास नकार देणारे प्रभारी अधिष्ठाते निलंबित झाले. देवप्रतिमेविषयी ज्याचे मन हळवे आहे त्याला एखादे चित्र बोचले, तर त्याचा राग खोटा म्हणता येणार नाही. आम्हीही देवळात जाणारेच आहोत. परंतु परीक्षकाने गुण देण्यापूर्वी पोलिसाने निकाल द्यावा, ही रीत आम्हांस मुळीच मान्य नाही. बोचले तर विद्यार्थ्यास विचारावे, गुरूस विचारावे, वाद घालावा. आणि विद्याशाखेनेही अशा प्रेक्षकास अडाणी न मानता उत्तर द्यावे. चित्रापाशी ते काढणारा उभा असला तर निम्मे गैरसमज तेथेच मिटतील.

विद्यापीठात जाण्यापूर्वी वाचकांनी बडोद्याचे कीर्तिमंदिर पाहावे. गायकवाड घराण्याच्या या स्मारकात नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात भिंती रंगविल्या. गंगावतरण आहे, मीरा आहे, महाभारतातील युद्ध आहे. आमचे पाय मात्र ‘नटीर पूजा’ या भिंतीपाशी अडतात. हे रवींद्रनाथांचे नाटक. शांतिनिकेतनातील नाट्यप्रयोगांच्या सजावटीत स्वतः नंदलालांचा हात असे, म्हणून ही भिंत रंगमंचाची जाण असलेल्या हातची आहे. राजाने बुद्धाच्या स्तूपाची पूजा मना केलेली. तेथे दरबारची नर्तकी श्रीमती हिला नाचावयास लावतात, ते पूजेचा अवमान व्हावा म्हणून. ती नाचता नाचता एकेक अलंकार उतरविते, आतले भिक्षुणीचे वस्त्र दिसू लागते, आणि नृत्याचीच पूजा होते. पहारेकरी तिला ठार करतात.

ही भिंत पाहून मग परीक्षेच्या दालनात शिरावे, आणि सायंकाळी नाटकास बसावे.